ऊनमोजणीवाली

कुणाच्या घरात शिरलं की माणूस आधी माणसांकडे पाहतो. ही पोरगी आधी जमिनीकडे पाहायची. ऊन कुठं पडलंय ते शोधायची, त्याच्या कडेला काठी ठेवून बसायची आणि मग म्हणायची, "आजी, चहा ठेवा." आमच्या चामोर्शीत शेताची मोजणी करायला सरकारी माणसं येतात, ही पट्टी घेऊन ऊन मोजायला येते, म्हणून मी तिचं नाव ठेवलं ऊनमोजणीवाली. टिंगल म्हणूनच ठेवलं होतं. गल्लीनं ते उचललं आणि तिनंही हसत हसत आपल्या वहीवर तेच नाव घातलं. टिंगल अशी खिशात घालणाऱ्या माणसापुढे माझ्यासारखीचं काही चालत नाही.

समोरच्याच घरची. बाप एसटीत ड्रायव्हर, आई अंगणवाडीत. ती नागपूरला शिकत होती आणि शेवटचं वर्ष राहिलं होतं. मी तिला मुद्दाम इंजिनिअर म्हणायचे. ती दर वेळी न चिडता सांगायची, "इंजिनिअर नाई आजी, आर्किटेक्ट. इंजिनिअर छत पाहाते. मी छताखालच्या माणसाले पाहाते." मी म्हणायचे, "तू त नुसती फरशी पाहातं."

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, जागोजागी अडकतात आणि अंगभर दुखणं बसतं. खुब्याचं हाड खराब झालं तशी वर्षभराची सुट्टी घेऊन ती घरी आली. मी तीस-पस्तीस वर्षं नर्स होते. तिचं दवाखान्याचं कार्ड मला तिच्या चेहऱ्याआधी वाचता यायचं, आणि जे वाचलं ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

ती माझ्याच हातावर जन्मली होती. भर दुपारी एक वाजता, टॉर्चच्या उजेडात. भर दुपारी टॉर्च कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा मला माझी जुनी मूर्खपणाची गोष्ट सांगावी लागली. चोवीस वर्षांची मी, नवी नवी नर्स, कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि अक्कल सगळी जिल्ह्यानं मलाच दिली आहे असा तोरा. जंगलाकडच्या उपकेंद्रात माझी पहिली नेमणूक झाली. बाळंतपणाच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्याखालून शेळ्या घेऊन पोरं जायची. पहिल्याच आठवड्यात मी ती खिडकी पुठ्ठा ठोकून बंद केली आणि वर कुटुंब नियोजनाचं पोस्टर लावलं. मग पुढली पंचवीसेक वर्षं, ही तिथं जन्मली त्या वर्षापर्यंत, वरच्या ऑफिसला अर्ज लिहीत राहिले, की खोलीत उजेड नाही, टॉर्चचे सेल पाठवा.

ऐकून ती बरगडी धरून हसली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आली. शेवटच्या वर्षाच्या कामाला ती माहेरघर काढणार होती. आतल्या गावांतल्या बाया दिवस भरत आले की आधीच येऊन राहतात, तसलं. खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर होत्या. "उजेड वरून घ्यायचा, आजी. डोळे खालीच राह्यतात." माझ्या पुठ्ठ्याचं उत्तर तिनं एका ओळीत दिलं होतं आणि मला ते सुचायला पंचेचाळीस वर्षं पुरली नव्हती.

पण कागदावरच्या उजेडावर तिचा भरवसा नव्हता. माझ्या बैठकीला दक्षिणेची खिडकी आहे. पुसापासून, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून, दर रविवारी सकाळी नऊला ती यायची, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाच्या कडेनं लाल पेन्सिलीची रेघ ओढायची आणि खाली बारीक अक्षरात तारीख. रेघा आठवड्या-आठवड्यानं खाली आणि खिडकीकडे सरकत चालल्या. तिचे सर म्हणत होते की हे कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत निघतं. मीही म्हटलं, की मग माझी भिंत काऊन खराब करतं? ती म्हणाली, "कॉम्प्युटरले सूर्य माहीत आहे. तुमच्या दारातला कडुनिंब नाई माहीत."

जूनपर्यंत रेघा ओढायच्या, मग सगळ्या एका लांब कागदावर उतरवून घ्यायच्या, असं ठरलं होतं. वर्षभर नाही लागणार का, असं मी विचारलं. "अर्ध्यात भागते. जूनपासून सूर्य आल्या वाटेनंच वापस जाते. अन् जूनच्या मोठ्या दिवसाच्या रविवारी रेघ ओढाचीच नाई, आजी. सूर्य उत्तरेले गेला राह्यते, ऊन आत येतच नाई. वहीत नुसतं लिहाचं, आज आलं नाई."

महाशिवरात्रीच्या यात्रेत तिला ऑटोत घालून मार्कंड्याच्या जुन्या दगडी देवळात नेलं. लोक मूर्ती पाहत होते आणि ही खांबाला हात लावून वर बघत होती. एका आडव्या दगडावर दुसरा, त्यावर तिसरा. "इथून भार खाली उतरून राह्यला," असं म्हणत तिनं बोट खांबावरून पार जमिनीपर्यंत आणलं. मी म्हटलं, तुझा भार सध्या माझ्या खांद्यावर उतरून राह्यला, चल. ती उठली नाही. म्हणाली, "एवढं वजन डोक्यावर घेऊन बी त्याईनं मधातून उजेडाले जागा सोडली, पाहा." घरी येऊन तिनं बांबूच्या कामट्या आणि तुराट्यांचं माहेरघर उभं केलं. त्यावर माझा जाडजूड औषधांचा डबा ठेवून पाहिला. मोडलं नाही. मग डबा काढून खिडकीत ठेवलं आणि आत ऊन कसं पडतं ते जमिनीवर पालथी पडून पाहत राहिली.

आता माझी करणी. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या आधी रंग न दिलेलं घर म्हणजे अंघोळ न केलेला माणूस. जयंतीला लेक येणार, नातवंडं येणार. ऊनमोजणीवाली तेव्हा रक्त चढवायला म्हणून आठवडाभर नागपूरला गेली होती. जाताना सांगून गेली होती, "आजी, ते एक भिंत सोडा. तीन रंगवा." मी हो म्हटलं होतं. विसरले असते तरी बरं होतं. मी विसरले नव्हते. तीन भिंती गुलाबी-पांढऱ्या झाल्या आणि चौथी तशीच मळकी, लाल रेघोट्यांची. मला ते पाहवेना. मनाला म्हटलं, तिनं मोबाइलात फोटो काढलेच असतील. पेन्सिलीच्या तर रेघा. रंगाऱ्याला सांगितलं, भिंत चांगली घासून घे आणि दोन हात मार. चोवीसाव्या वर्षी खिडकी ठोकणारी बाई सत्तरीला आली तरी तीच होती. फक्त साडीची इस्त्री गेली होती.

ती आली, दारातच थांबली. फोटो होते, पण एकेका रेघेचे, जवळून. रेघांमधलं अंतर फक्त भिंतीवर होतं. मी काहीबाही बोलत राहिले, की घासूनच काढलं ना, आता काही करता येत नाही. ती नेहमीसारखी उन्हाच्या कडेला बसली. म्हणाली, "पांढऱ्या भिंतीनं खोली उजळली, आजी. हे बी लिहून ठेवते." आणि खरंच वही काढून लिहिलं. मग म्हणाली, "पुढच्या पुसात पुन्हा चालू करू."

रागावली असती तर मी भांडले असते. भांडणात मी पटाईत आहे.

श्रावणात तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी गेले तेव्हा बोलायला त्रास होत होता. तरी मान वळवून तिनं खिडकी दाखवली. "उत्तरेची आहे. दिवसभर एकसारखा उजेड. वाचाले चांगला." मला माफी मागायची होती. मी तिची सलाईन नीट चालली आहे की नाही ते पाहत राहिले. नर्स असण्याचा तेवढा एक फायदा, हात रिकामे राहत नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिच्या आईनं वही आणि तुराट्यांचं घर माझ्याकडे आणून दिलं. म्हणाली, "शिस्टरबाई, आमच्या घरी हे पाहवत नाई." पूस आला. वहीत पहिल्या रविवारची तारीख होती. मी आंघोळ करून, लाल पेन्सिल घेऊन नऊ वाजता भिंतीपाशी उभी राहिले. ऊन आलं, कडा दिसली. पेन्सिल टेकवताना नख भिंतीला लागलं आणि रंगाची खपली निघाली. खपलीखाली लाल दिसलं.

रंगाऱ्यानं भिंत घासलीच नव्हती. जन्मभर मी कामचुकार माणसांवर खेकसले, पण त्या दिवशी त्या रंगाऱ्याला घरी बोलावून चहा-पोहे दिले. का दिले ते त्याला अजून समजलं नाही. पुढच्या प्रत्येक रविवारी नऊ वाजता मी उन्हाची कडा धरून नखानं खरवडत गेले. दर वेळी खाली तिची रेघ होती आणि तिच्या बारीक अक्षरातली तारीख. मी रंगाखाली लपवलेलं एकेक करून सूर्यच मला परत आणून देत होता. एप्रिलमध्ये तिच्या रेघा संपल्या. पुढच्या मी ओढल्या. तिच्या सरळ, माझ्या गांडुळासारख्या. या जयंतीला तीनच भिंती रंगवल्या.

जूनमध्ये तिच्या सरांना फोन केला. लांब कागद घेऊन ते स्वतः येतो म्हणाले. ते यायच्या आधी, मोठ्या दिवसाच्या रविवारी नऊ वाजता मी खिडकीपाशी बसले. आभाळ मोकळं होतं, बाहेर अंगण तापलं होतं, कडुनिंब हिरवागार. खिडकीच्या आत एक किरण नाही. तिनं सांगितलं होतंच. तरी मी दहापर्यंत वाट पाहिली, अकरापर्यंत पाहिली. चहा दोन कप ठेवला होता, तो निवला.

मग तिची वही उघडली, तारीख घातली आणि तिनं सांगितलं होतं तेवढंच लिहिलं. आज आलं नाही.