लोकरीचा पिवळा पट्टा

दहिसरच्या चाळीत आमच्या शेजारच्या काकू विणकाम शिकवत, पण त्यांचा डोळा लोकरीपेक्षा लडीवरच्या कागदावर. लडीचा पट्टा कुणी चुरगळला की ओरडत, "अगं, फेकतेस काय? दे इकडे!" पट्टे, बटणांचे पुठ्ठे, टिकल्यांच्या पिशव्या, सगळं कापून त्यांच्या चिकटवहीत जाई. मला तो निव्वळ चिक्कूपणा वाटे.

माझं पहिलं बाळ जन्माआधीच गेलं, तेव्हा त्याचा अर्धा विणलेला स्वेटर मी लोकरीसकट, तिच्या पट्ट्यासकट चाळीच्या केरात टाकला.

पुढे मुलगी झाली. बारशाला काकूंनी तिच्यासाठी नवी चिकटवही आणली. पहिल्याच पानावर त्या अर्ध्या स्वेटरच्या लोकरीचा पिवळा पट्टा होता, इस्त्री केल्यासारखा सपाट.

"ते थोरल्याचं पान गं," काकू म्हणाल्या. "हिचं पुढच्या पानापासून."