घडीमामांचे दुसरे साहेब

आमच्या मार्गासनी गावात घडीमामांनी घडी घातली नाही अशी वस्तू एकच, त्यांची म्हैस. टॉवेल, गोणपाट, एसटीचं तिकीट, काहीही हातात आलं की काठाला काठ लागलाच पाहिजे. मी एकदा त्यांच्या ओट्यावर छत्री नुसती गुंडाळून ठेवली, तर त्यांनी ती उघडली, झटकली, पुन्हा मिटली आणि माझ्या हातात देत म्हणाले, "रायटर, घाईची घडी ऐन वक्ताला उघडत न्हाई."

त्यांची अख्खी नोकरी घडीवर झाली होती. विमानं वाहून नेणाऱ्या लढाऊ जहाजावर ते वैमानिकांची पॅराशूटं बांधायचे. प्रत्येक पॅराशूटाबरोबर बांधणाऱ्याच्या सहीचं कार्ड असे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या जहाजावरचं एक जेट समुद्रावर पेटलं. आतले दोघे, खटका ओढला की माणसाला बाहेर उडवणाऱ्या खुर्चीसकट फेकले गेले, पाण्यात पडले, आणि हेलिकॉप्टरनं दोघांनाही दोरानं वर ओढून घेतलं. दोन्ही कार्डांवर सही मामांची.

जहाजावरची रीत अशी, की वाचलेला माणूस पॅराशूट बांधणाऱ्याला येऊन भेटतो. पहिले साहेब आले, मामांचा हात हातात घेतला, रमची बाटली दिली. (मामा पीत नसत. गावी ती बाटली कोणी संपवली, ते इथे लिहीत नाही.) दुसऱ्या साहेबांची मात्र पाठ मोडली होती. त्यांना थेट किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेलं. मग लढाई संपली, मामा पेन्शनीत निघाले आणि भेट राहिली ती राहिलीच. "पाठ खुर्चीच्या दनक्यानं ग्येली का माझं पॅराशूट उशिरा उघडलं म्हनून, येवढंच मला कळाया पायजे," हे ते मला भात लावताना ऐकवत आणि झोडतानाही.

आता माझी कर्तबगारी. वेल्ह्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकलो होतो, पण तालुक्यात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मी मामांच्या नावानं मुंबईच्या नौदलाच्या कचेरीला झोकात इंग्रजी पत्र लिहिलं. शेवटी, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना लिहितो तसं सवयीनं लिहून टाकलं, की माझ्या हातून काही चूक झाली असल्यास उदार मनाने क्षमा व्हावी.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. साहेब कसे आहेत याबद्दल अक्षर नाही. चूक कोणती झाली, कधी झाली, याचा लेखी खुलासा मात्र ताबडतोब मागितला होता.

मी वाचून दाखवलं. मामांनी तो कागद त्याच्याच घडीवर मिटला. मग म्हणाले, "एकवीस वर्सं माझ्या कागदावर डाग न्हवता, रायटर. तुमी एका पत्रात लावला."

खुलासा गेला. त्यावर आणखी प्रश्न आले. शेवटी मामा स्वतः मुंबईला जाऊन आले. तिथल्या कारकुनानं त्यांची दोन तास चौकशी केली, आणि मामांनी आपला एकुलता एक प्रश्न काढला तेव्हा फाईल गोपनीय असल्याचं सांगितलं. पुढच्या पत्रांत मी ते क्षमेचं वाक्य गाळलं. त्यांना उत्तरंच आली नाहीत. चूक कबूल केल्याशिवाय कचेरी बोलत नाही, हे ज्ञान मला मामांच्या जिवावर मिळालं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मामा भोरच्या दवाखान्यात पडले. मी भेटायला गेलो. पहिलाच प्रश्न, उत्तर आलं का. थापा मारण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, आणि ही तरी चांगल्या कामाची होती. म्हटलं, "आलं मामा. खुर्चीचाच दणका होता. तुमचं पॅराशूट वेळेत उघडलं. साहेब आता हिंडतात-फिरतात."

मामांनी डोळे उघडले. "कागद दावा."

मी खिसे चाचपायला लागलो. सदऱ्याचा, पँटचा, पुन्हा सदऱ्याचा. कागद नव्हताच, पण हात थांबवायचं धाडस होईना. मामांनी मला पुरतं शोधू दिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बसा जरा."

मी बसलो. ते पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत राहिलो, गाडी चुकली तरी उठलो नाही. त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही.