तात्यापाऱ्याचा हवालदार

भास्करभाऊ फौजेत होते, पण हवालदार कधीच नव्हते. हवालदाराच्या एक पायरी खाली, नायक म्हणूनच घरी आले. तरी रायपुरातला आमचा सगळा मोहल्ला, तात्यापारा, त्यांना हवालदार म्हणायचा, कारण काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच: "हव." इकडे छत्तीसगढीत हव म्हणजे हो. भाजीवाली विचारायची, "भैया, भांटा कितना दूँ?" हे म्हणायचे, "हव." मग ती आपल्या मनानं टोपलीभर वांगी तोलायची आणि कुसुम, त्यांची बायको, घरी कपाळाला हात लावायची.

आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. मी वयानं मोठी, म्हणून ते मला ताई म्हणत. माणूस उंच, ताठ, दाढी रोज करणारा. बोलणं मात्र फार मोठ्यानं. घरात साखर संपली, हे चौकातल्या वाण्याला आधी कळायचं.

ते तोपखान्यात होते. गोळा उचलून तोफेत भरायचं काम. त्यातच कान गेले. मी एकदा विचारलं, "कानात बोटं तरी घालायची, भाऊ!" ओठ बघून त्यांना थोडं समजत असे. ते म्हणाले, "गोळा दोन्ही हातांनी उचलावा लागते ताई. बोट रिकामं कुठून आणू?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "तोफ आपल्या बाजूची असली तरी कानाची दुश्मनच."

ऐकू येत नव्हतं तरी कानात शांतता नव्हती. सतत एक शिटी वाजायची. "आत इंजिन शिटी देऊन राहिलं," म्हणायचे, "गाडी काही येत नाही." हसायचे. पण कधीकधी ओसरीवर डोकं दोन्ही हातांत धरून बसलेले दिसायचे, तेव्हा हसत नसत.

पाऱ्यातले लोक म्हणायचे, बायकोचं ऐकायला नको म्हणून बहिरा झालाय. कुसुमलाही रागाच्या भरात तसंच वाटायचं. "माह्यावेळीच बरं ऐकू येत नाही," ती म्हणायची. आपल्याला उत्तर मिळालं नाही की समोरचा सोंग करतो असंच माणसाला वाटतं.

मग आपलं छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. बंगल्याबंगल्यावर सरकारी पाट्या लागल्या. साहेबांच्या गाड्या वाढल्या, हॉर्न वाढले. सगळा पारा आवाजाला कंटाळला, एक भास्करभाऊ खुशीत. पूर्वी पेन्शनीचं काही अडलं की भोपाळ गाठावं लागे. आता माजी सैनिकांचे साहेब इथेच बसायला लागले. कान फौजेच्या नोकरीत गेले, म्हणून अपंगत्वाची पेन्शन मिळावी, असा अर्ज त्यांनी केला. पैशाची गरज होती, त्यात लाजायचं काय? पण ते मला म्हणाले, "वयानं गेले असते तर गोष्ट वेगळी होती ताई. हे कान मी दिले. दिले म्हणून लिहून तर द्या."

तपासणीला बाहेरगावच्या दवाखान्यात बोलावणं आलं. कुसुमला घेऊन गेले, आणि तोंड पाडून परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कानाले डबडे लावले. साहेब म्हणे, शिटी ऐकू आली की बटण दाब. मी दाबलं."

"मग?"

"सोडलंच नाही. माझी शिटी कधी थांबते का?"

कुसुम म्हणाली, "त्याच्या पुढचं सांगा ना. ताई, साहेबानं चिडून विचारलं, नाटक कर रहे हो? आणि हे म्हणाले, हव साहब!"

मला हसू आलं. मग भाऊंचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं लिहून अर्ज परत आला.

"तोफेनं कान नेले, चाललं," भाऊ म्हणाले. "खोटा म्हणाले, हे नाही चालत."

"मग हव काहून म्हणता सगळ्याले?" मी ओरडूनच विचारलं.

ते म्हणाले, "ताई, दुसऱ्यांदा सांगायले लावलं की माणसाच्या कपाळावर आठी येते. हव म्हटलं की येत नाही."

वरच्या साहेबांकडे दाद मागता येत होती. ती मागितली आणि पुन्हा तपासणी ठरली. मी कुसुमला म्हटलं, यांची शाळा मी घेते. मी रोज त्यांना ओसरीवर बसवायचे आणि तोंडावर पदर धरून काहीतरी पुटपुटायचे. ते म्हणायचे, "हव." मी चहाचा कप उचलून परत न्यायचे.

"अहो ताई, चहा!"

"आधी म्हणा, ऐकू नाही आलं, पुन्हा सांगा."

"साहेबाले असं म्हणू? फौजेत साहेब दोनदा सांगत नसते."

"आता तुम्ही फौजेत नाही. म्हणा!"

बरेच चहा थंड झाले, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून ते वाक्य सुटलं.

दुसऱ्या तपासणीत त्यांनी हात वर करून सांगितलं, "साहब, सुनाई नहीं दिया, फिर से बोलिए. एक सीटी मेरे अंदर बजती है. आपकी कौन सी, मेरी कौन सी, पता नहीं चलता." यावेळचा डॉक्टर शहाणा निघाला. त्यानं बटण बाजूला ठेवलं आणि डोक्याला तारा लावून तपासलं. त्या तपासणीत माणसाला काही बोलावंच लागत नाही म्हणे.

उत्तर आलं ते हिंदीत. कुसुमनं कागद माझ्या हाती दिला. मी चौथी पास, मोठ्यानंच वाचता येतं मला, अक्षर अक्षर लावून. मी वाचलं की ऐकण्याची शक्ती सेनेतल्या सेवेमुळे गेली, हे मान्य आहे.

"ऐकू नाही आलं," भाऊ म्हणाले. "पुन्हा सांगा."

मी जोरात वाचलं. वाणी दुकानातून बाहेर आला.

"ऐकू नाही आलं ताई. पुन्हा."

मी घसा फोडून वाचलं. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. भाऊ माझ्या ओठांकडे बघतच नव्हते. त्या माणसांच्या तोंडांकडे बघत होते.

त्यानंतर त्यांनी हव सोडलं. सगळ्यांना "पुन्हा सांगा" म्हणायला लागले. आठ्या आल्या, तर आल्या. कुसुम सुरुवातीला वैतागली. मग तिला सवय झाली. नवराबायकोची भांडणं नीट व्हायला लागली, दोन्ही बाजूंनी.

काही वर्षांनी भाऊ गेले ते झोपेत, कुणाला त्रास न देता. तेराव्यानंतर मी कुसुमकडे जाऊन बसले. ती बराच वेळ तांदूळ निवडत होती. मग खाली बघूनच म्हणाली, "ताई, आता घरात एकदा बोललं की बोलणं संपते."