गोमूत्र आणि हार्डडिस्क

"तू उंबऱ्याबाहेर थांब. पूजा होऊ दे."

मालकाची आई बोलली. तिला सगळे अक्का म्हणत. मी थांबले.

आत टेबलावरचा कॉम्प्युटर मी जोडलेला होता. चार दिवस खपून. जळगावच्या या स्टुडिओत मी नऊ वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसले. नव्वदीच्या शेवटी कॉम्प्युटर येणार असं कळलं. पेन्सिलीला आता कोण विचारणार? रविवारी रविवारी धुळ्याला एसटीनं जाऊन क्लास केला. खोकी आली तेव्हा ती उघडायची अक्कल स्टुडिओत फक्त मला होती. दोन हार्डडिस्क बसवल्या. एक मशीन चालवायला, दुसरी गिऱ्हाइकांचे फोटो साठवायला. लग्नांचे शेकडो फोटो स्कॅन करून त्या दुसरीत भरले.

मी धरणगावच्या बौद्धवाड्यातली. ते स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं. माझा पेला वेगळा होता. नऊ वर्षं मी त्यातूनच पाणी प्याले. बोलले नाही. याची लाज मला आजही आहे.

पूजेला आलेल्या पाहुण्यांना आतलं यंत्र दिसावं म्हणून मालकानं कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं ठेवलं होतं. अक्कानं गोमूत्राची वाटी घेतली. आधी कीबोर्डवर शिंपडलं. मग म्हणाली, आतपर्यंत तिचा हात गेलेला आहे. आणि आतही शिंपडलं.

मी दारातून म्हणाले, "भाऊ, चालू करू नका. आधी वाळू द्या."

"तुला विचारलं का?" मालक म्हणाला. बटण दाबलं.

चर्र झालं. जळका वास आला. मशीन बंद पडलं, फोटोंची डिस्क गेली.

मालकाचा चेहरा उतरला, आणि मग त्याला मी दिसले. हिनंच वायर उलटी लावली, असं तो सगळ्यांना सांगू लागला. फुकट शिकवली, तरी हिच्या हातात काही नाही म्हणाला. शिकवली कोणी? एसटीचं तिकीटसुद्धा माझं होतं. मग मला म्हणाला, हातपाय धुऊन आत ये, नीट करून दे.

नोकरी जाणार हे दिसत होतं. आई दम्यानं अंथरुणाला खिळलेली. तरी उंबरा ओलांडला. हात न धुता. टेबलावरचा माझा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"मशीन माझ्या हातानं चालू झालं होतं. तुमच्या गोमूत्रानं बंद पडलं. यांच्यासमोर एवढं बोला, मग हात लावते."

त्यानं पाहुण्यांना प्रसाद घ्यायला बोलावलं. मी बाहेर पडले.

अमळनेर, भुसावळ, धुळे, सगळीकडे स्टुडिओंत काम मागत फिरले. माझ्याआधी त्याचा निरोप पोचलेला असे. कामाला चांगली, पण तोंडाळ. पावसाळा संपेपर्यंत भाजी विकली, शेतात निंदायला गेले. बोटं सुजली. रात्री वाटायचं, चुकलंच. गप्प राहायला हवं होतं.

दिवाळीआधी मालकानं माणूस पाठवला. लग्नाचा हंगाम आलाय, मशीन कोणालाच जमत नाही, ये. मागच्या दारानं ये, अक्कांना कळायला नको.

आई अंथरुणातून म्हणाली, "जाय वं बेटी. घरमा पीठ नही शे."

खरंच नव्हतं. डब्याचा तळ दिसत होता.

मी त्या माणसाला सांगितलं, "मागच्या दारानं मी आता कुठंच जाणार नाही. मालकाला सांग, काय झालं ते त्यानं आधी चारचौघांत बोलावं. नाही बोलला तर मशीन तसंच पडू दे. मी उद्याही निंदायला जाईन."