वजन कुठं टेकणार?

लोखंडी पत्र्यावर पाय ठेवण्याआधी ते चपलेचं टोक दाबून पाहायचे. मग थांबायचे, आणि बहुतेक वेळा वळसाच घालायचे. चिंचवडच्या बाजूला जुन्या कंपन्यांत काम केलं असेल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे ते चेकर. त्यांची सही झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात यंत्रांपाशी, जात नसे.

"साहेब, पत्रा हाय, पापड न्हाई," फिटर उस्मानभाई त्यांना चिडवायचे.

"जाडी तू मोजलीस का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा होतो आणि मला त्यांची भयंकर भीती वाटायची. ते कधी ओरडत नसत. ड्रॉइंगमधल्या पत्र्याच्या मधोमध पेन्सिल टेकवून विचारत, "वजन कुठं टेकणार?" तेवढ्यानं मी तोंडाला येईल ते सांगून मोकळा व्हायचो.

एकदा शॉपमधल्या खड्ड्यावर टाकायच्या पत्र्याचं काम माझ्याकडे आलं. त्यावर डाय, म्हणजे प्रेसचा अवजड साचा, ठेवायची होती. तिचं वजन साऱ्या पत्र्यावर सारखं पसरेल असं धरून मी ताण काढला. बारा मिलिमीटर जाडी पुरत होती. त्यांनी पेन्सिल टेकवली.

"डायचा तळ पाहिलास? वजन कुठं टेकणार?"

"सगळीकडे, साहेब. पाहिलाय."

पाहिला नव्हता. तसं सांगायची छाती झाली नाही. त्यांनी स्लाइड रूल सरकवला, आकडे जुळले, सही केली.

डाय आली तेव्हा मी शॉपमध्येच होतो. क्रेननं ती उचलली आणि मला तिचा तळ दिसला. मधोमध दोन आखूड पाय, अगदी जवळजवळ. म्हणजे सगळं वजन पत्र्याच्या मध्यावर, आणि ताण जवळपास दुप्पट. पत्र्याखाली खड्ड्यात उस्मानभाई बोल्ट आवळत होते. तेव्हा असं सर्रास चालायचं. मी ओरडलो. प्रेसच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डाय खाली येत होती.

माझ्या बाजूनं कोणीतरी धावत गेलं. चेकरसाहेब. त्यांनाही तळ दिसला होता. या वेळी त्यांनी टोक दाबून पाहिलं नाही. डोक्यावर डाय लटकत असताना ते थेट पत्र्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"ओ साहेब, मरायचंय व्हय?" क्रेनवाल्यानं डाय थांबवली.

"खाली उस्मान आहे, त्याला आधी वर घ्या!"

उस्मानभाई वर आले, तेव्हाच साहेब पत्र्यावरून उतरले. मी त्यांना धरून स्टुलावर बसवलं.

"तळ पाहिला होतास?"

"नाही, साहेब. तुमची भीती वाटली."

नोकरी गेली असंच मी धरून चाललो. ते पत्र्याकडे पाहत म्हणाले,

"भ्यायचंच तर पत्र्याला भी रे. तू मला भ्यालास म्हणून आज उस्मान मेला असता."

चूक त्यांनी आपल्या नावावर घेतली. नवा पत्रा वीस मिलिमीटरचा आला. जुना सायकल स्टँडजवळच्या गटारावर टाकला.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार आणि हातात सायकल घेऊन ते त्या पत्र्यापाशी थांबले.

"वजन कुठं टेकणार?"

या वेळी मी आधी वाकून दोन्ही चाकं नीट पाहिली. "आधी पुढचं चाक मध्यावर, मग मागचं, साहेब."

ते हसले, सायकल वळवली आणि लांबून वळसा घालून गेले. पुन्हा भेटले नाहीत. त्या पत्र्यावर मीही कधी पाय ठेवला नाही.