पाराटेने मामाचा दुसरा नकार

होकिआंगाच्या खाडीतला प्रत्येक ओढा, खडक आणि वाळूचा दांडा नावानं ओळखणारा पाराटेने मामा हा शेवटचा माणूस, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. मामा स्वतः म्हणत नाही. तो म्हणतो, "मला कुठलं काय येतं? मी जन्मभर कौन्सिलचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवला." आणि मग कोणीतरी "छे, तुम्हालाच तर येतं" म्हणेपर्यंत जागचा हलत नाही.

आमच्या गावच्या ट्रस्टनं वेबसाइटवर खाडीचा नकाशा टाकायचं ठरवलं. ओढ्यावर बोट ठेवलं की त्याचं नाव जाणत्या माणसाच्या आवाजात ऐकू येणार. मामाला हे काम मनापासून हवं होतं. त्याची नातवंडं पर्थमध्ये वाढतायत आणि फोनवर "हाय, कोरो", म्हणजे आजोबा, याच्या पुढे जात नाहीत. आपला आवाज त्यांच्या घरात खाडीची नावं घेईल, या विचारानं तो रोज दाढी करायला लागला होता.

ट्रस्टची विचारणा माझ्या लॅपटॉपवर आली, कारण मामाचं ईमेल मीच बघतो. तुमचा आवाज आणि माहिती द्यायला तयार आहात का? हो किंवा नाही.

मामानं चष्मा लावून वाचलं. "नाही दाब."

"अरे पण मामा, तुला तर..."

"पहिल्या हाकेला उठतो तो काय माणूस? दाब तू."

मी दाबलं. आभाराचा संदेश आला. मामा पडद्याकडे बघत बसला. "आता परत विचारेल."

"हे परत विचारत नाही, मामा."

"कुठल्या घरात वाढलंय हे?"

संध्याकाळी एराना मावशीचा, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचा फोन. "आपल्या चुलतभावानं हो दाबलं. मोरेहूनं. एका झटक्यात. सिडनीत विटा रचण्यात हयात गेली, आणि आता हा खाडी सांगणार." मग तिनंच वेबसाइटवर दुसऱ्याचं नाव सुचवायची सोय शोधली आणि मामाविषयी लिहिलं, "माझा भाऊ घोरतो. ग्रेडर खड्ड्यात घालून वर खड्ड्यालाच शिव्या देतो. सभाघरात कांदे सोलायची वेळ आली की याची पाठ दुखते. पण खाडीची नावं त्यालाच विचारा."

त्यामुळे दुसरी विचारणा आली. मामानं बहिणीचा मजकूर मला दोनदा वाचायला लावला. चेहरा फुलला होता. "छान लिहिलंय. नाही दाब."

"मामा, शनिवारी रेकॉर्डिंगवाले येतायत."

"तिसऱ्या विनवणीला उठायचं असतं. तुझ्या पणज्याला तर चारदा विनवावं लागायचं."

मी दाबलं. या वेळी संदेश लांब होता. तुम्ही दोनदा नकार दिला आहे. तुमच्या इच्छेचा मान राखून यापुढे आम्ही तुमच्याशी संपर्क साधणार नाही.

हा नियम मामाचाच. पूर्वी एका प्राध्यापकानं पणज्याची गाणी टेपवर नेली आणि पुढे ती ऐकायला आमच्याच घराला अर्ज करावा लागला. म्हणून वेबसाइटच्या पहिल्या सभेत मामानं काठी आपटून सांगितलं होतं, "आमचा माणूस नाही म्हणाला की नाही. पुन्हा पुन्हा जाऊन त्याला छळायचं नाही." लोकांनी मान्य केलं, रिवाजाप्रमाणे भाषणामागून गाणं म्हटलं. त्या सभेत बोलायला तो तिसऱ्या विनवणीनंतर उठला होता.

मी ट्रस्टच्या कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "दादा, मी तुमच्या मामांना विचारूच शकत नाही. त्यांनी आपणहून फोन केला तर गोष्ट वेगळी."

"मी आपणहून?" मामा म्हणाला. "मी काय मोरेहू आहे?"

शनिवारी मोरेहू इस्त्रीचा शर्ट घालून सभाघरात माइकसमोर बसला. मामा शेजारच्या स्वयंपाकघरात कुमारा, म्हणजे रताळी, सोलत होता. पाठ अजिबात दुखत नव्हती, आणि सभाघराकडची मधली खिडकी सताड उघडी होती. मोरेहूनं एका ओढ्याला शेजारच्या ओढ्याचं नाव दिलं. खिडकीतून मामाच्या संथ आवाजात खरं नाव आलं.

"हो, तेच म्हणतोय मी," मोरेहू मान न वळवता म्हणाला.

सकाळभर असंच चाललं. जाताना मामा खुशीत होता. "हो न म्हणताही आला बघ माझा आवाज. असंच शोभतं."

महिन्याभरानं नकाशा खुला झाला. कार्यालयातली माणसं कामाला चोख. ज्याची परवानगी नाही त्याचा आवाज ठेवायचा नाही, म्हणून त्यांनी मामाचा शब्द न् शब्द काढून टाकला होता. आता ओढ्यावर बोट ठेवलं की मोरेहूचं चुकीचं नाव येतं, मग थोडी शांतता, मग "हो, तेच म्हणतोय मी." पर्थच्या नातवंडांना हे फार आवडलंय. दिवसभर एकमेकांना तेच म्हणतात.

मामाला सगळं ऐकवून मी म्हटलं, "अजून दुरुस्त करता येईल. कार्यालयाला एक फोन कर फक्त."

मामानं खिशातला फोन काढला. त्याच्या घंटीचा आवाज पूर्ण वाढवला आणि टेबलावर आपल्या समोर ठेवला.

"करू दे ना त्यांना," तो म्हणाला.