गालिच्यावरचे पिवळे डाग

मे महिन्यात समोरच्या खोलीतल्या गालिच्यावर पिवळट-तपकिरी डाग दिसायला लागले आणि हे सासऱ्यांचंच काम, असं घरात न बोलता ठरून गेलं. त्यांचा दिवाण गालिच्याला लागून, वय ऐंशीच्या पुढचं. आणखी पुरावा कशाला? ठरवणाऱ्यांत मीही होते, हे आधीच लिहून टाकते. मी त्यांच्या चादरीखाली मेणकापड घातलं आणि त्यांना काही सांगितलं नाही. उगाच कशाला लाजवायचं, अशी स्वतःची समजूत घातली.

डाग वाढतच गेले. खाण्याचा सोडा टाकला, धुण्याच्या पावडरने घासलं, काही फरक नाही. त्यातच सिंदीहून नणंद आली. चपला काढता काढताच तिने नाकाला पदर लावला.

"वैनी, वास येऊन राह्यला. बाबाले मांगच्या खोलीत हलवा आता. चार लोक येतात घरी, कसं दिसते?"

मागची खोली टिनाची. उन्हाळ्यात मी तिथे लोणच्याची बरणीसुद्धा ठेवत नाही.

"तिथं माणूस भाजून निघंल," मी म्हटलं.

"मंग काय, रोज गालिचा धूत बसता?"

नवऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "रविवारी हलवू."

हे सगळं सासऱ्यांच्या समोर. ते भिंतीकडे पाहत बसले होते, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या मला सकाळी भरला तसाच काठोकाठ दिसला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, पाणी काऊन नाई पेले?"

"तहान नाई."

वर्ध्याच्या मे महिन्यात तहान नाही! डागांच्या धाकाने त्यांनी पाणीच तोडलं होतं. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. त्यांना खुर्चीत बसवलं आणि गादी उचलली. गादी कोरडी. फळी कोरडी. मेणकापडावर घामाशिवाय काही नाही. गादी न भिजता शेजारचा गालिचा कसा भिजेल? चौथीतल्या पोरीला पडला असता हा प्रश्न. आम्हा शिकल्यासवरल्यांना पंधरा दिवस पडला नाही.

डागावर कोमट पाणी शिंपडून मी नाक लावलं. लघवीचा डाग ओला झाला की वास उठतो. इथे वास होता तो ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, आणि लोखंडाचा. शिवाय डाग पसरलेले नव्हते, थेंबाथेंबांचे होते, आणि सगळे खिडकीतल्या कूलरच्या बाजूला.

कूलरच्या टाकीला दर उन्हाळ्याआधी आतून डांबर लावायचं असतं, नाहीतर पत्रा गंजतो. हे काम नवऱ्याचं. यंदा विचारलं तेव्हा "झालं" म्हणाले होते. मी टाकीत हात घालून बाहेर काढला, तर तळवा तांबडा. तेच पाणी पंप खसाच्या ताट्यांवर चढवत होता आणि पंखा त्याचे थेंब समोर उडवत होता.

सासऱ्यांना पडवीत नेलं, गालिच्यावर जुना पांढरा दुपट्टा पसरला आणि तासभर कूलर चालवला. मग तो दुपट्टा नेऊन नवऱ्याच्या पेपरावर टाकला.

"बाबा तासभर पडवीत आहेत. आता सांगा, हे कोणी केलं?"

त्यांनी ठिपके पाहिले. "डांबर राह्यलंच वाटते."

"वाटते?"

गंजाला सोडा चालत नाही, आंबटच लागतं. गालिच्याचा रंग उतरतो का, ते आधी कोपऱ्यावर पाहिलं. मग डागांवर लिंबू आणि मीठ लावून अर्धा तास ठेवलं, न घासता ओल्या फडक्याने टिपलं, साध्या पाण्याने आंबट काढलं, सावलीत वाळवलं. असं तीनदा. एक फिकट डाग राहिला. राहू दे.

सिंदीला परतलेल्या नणंदेला फोन केला. "बरं झालं वैनी," ती म्हणाली, "पण वय तं झालंच नं बाबाचं." मी फोन ठेवून दिला.

सासऱ्यांच्या देखत मेणकापड ओढून काढलं. "बाबा, कूलरच्या गंजाचे डाग होते ते. तुमचं काही नव्हतं. चुकलं आमचं."

ते म्हणाले, "मले मालूम होतं, मी नाई केलं. पण तुमी सगळेच म्हणून राह्यले, तं मलेच वाटाले लागलं, का झोपीत होत असंल."

मला नवऱ्याचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि स्वतःचाही. टाकी घासून डांबर लावायला नवऱ्याला त्याच दुपारी बसवलं. डांबर वाळेपर्यंत कूलर बंद. "तोवर बाबांना तासातासाला पाणी तुम्ही द्यायचं, आपल्या हाताने," मी सांगितलं.

नवरा डांबराच्या हातांनीच पहिला ग्लास घेऊन गेला. सासऱ्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"हात धुऊन आण," ते म्हणाले.

नवरा हात धुऊन आला. सासऱ्यांनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि परत मुलापुढे धरला.